दादर टीटीमधला 'टी' ट्रामचा, पण ती ट्राम चालायची कशावर?

दादरची पूर्वा

नमस्कार मंडळी, एक प्रश्न चार दिवस डोक्यात घोळतोय, इथे कोणाला तरी नक्की माहीत असेल म्हणून विचारते. परवा आजीला डोळे तपासायला घेऊन गेले होते, टॅक्सीत बसल्या बसल्या तिने ड्रायव्हरला सांगितलं "टीटीला घे रे बाबा" आणि त्यानेही काही न विचारता गाडी काढली. मी जन्मापासून दादरला राहते, रोज दहा वेळा टीटी टीटी म्हणते पण त्याचा अर्थ कधी विचारलाच नव्हता. आजी म्हणाली, अगं ट्राम टर्मिनस, माझी शाळा सुटली की आम्ही मैत्रिणी ट्रामने फिरायचो. आणि तिच्या आजोबांनी म्हणे घोड्याची ट्राम बघितलेली होती.

मग घरी येऊन जुने फोटो बघत बसले आणि प्रश्न वाढतच गेले. म्हणजे बघा, घोडे जाऊन विजेची ट्राम आली १९०७ ला असं वाचलं, पण त्या काळात लोकांच्या घरात तर कंदील होते, मग ट्रामला वीज आली कुठून? दुसरं म्हणजे फोटोत ट्रामच्या वर एकच तार दिसते, घरी तर साध्या दिव्यालाही दोन वायरी लागतात, दुसरी वायर कुठेय? आणि ती रुळात असेल तर पावसाळ्यात अनवाणी रूळ ओलांडणाऱ्या माणसांना शॉक कसा बसायचा नाही? आजीला विचारलं तर म्हणाली आम्ही रुळावर उड्या मारायचो, काही नाही व्हायचं.

कोणी नीट समजावून सांगाल का, मी कॉमर्सची आहे, सोप्या भाषेत सांगा प्लीज.

वायरमन काका

पूर्वा, फार चांगले प्रश्न विचारलेस. माझं सगळं आयुष्य केबल आणि सबस्टेशनमध्ये गेलं त्यामुळे या विषयावर मी तासन्‌तास बोलू शकतो, थोडं लांबेल पण वाच.

तुझा पहिला प्रश्न तू जरा उलटा करून बघ. शहरात वीज होती म्हणून ट्राम विजेवर गेली असं झालं नाही, ट्रामला वीज हवी होती म्हणून शहरात वीज नीट आली. मुंबईत पहिले विजेचे दिवे लागले क्रॉफर्ड मार्केटात १८८२ ला. पण ती कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मार्केटात परत गॅसचे दिवे आले. का बुडाली असेल याचा विचार कर. तेव्हा वीज म्हणजे फक्त दिवे, आणि दिवे लागणार संध्याकाळी चार-पाच तास. बाकी वेळ तुझं इंजिन, बॉयलर, माणसं सगळं बसून. त्या काळी वीज विकणाऱ्यांची सगळीकडे हीच अडचण होती. ट्राम मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत धावते, म्हणजे दिवसभर वीज घेणारं हक्काचं गिऱ्हाईक. म्हणून जगात बऱ्याच ठिकाणी ट्रामची कंपनी आणि विजेची कंपनी एकच असायची.

आपल्याकडे तेच झालं. १९०५ ला करार झाला आणि जी कंपनी आली तिचं नावच होतं बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज. आद्याक्षरं जोड, बेस्ट! लोकांना वाटतं बसवाली कंपनी वीजबिल का पाठवते, तर ते आधीपासून एकाच घरातले दोन भाऊ आहेत. वाडीबंदरला त्यांनी १९०५ मध्येच कोळशावर चालणारं वीजघर बांधलं, ४,३०० किलोवॅटचं. आजच्या हिशोबात एका मोठ्या मॉलचा लोड म्हण ना, पण तेवढ्यात तेव्हा ट्राम धावली आणि उरलेली वीज दिव्या-पंख्यांना विकली. ७ मे १९०७ ला पहिली विजेची ट्राम सुटली. मागणी इतकी वाढली की १९१२ ला माझगावला दुसरं वीजघर लागलं, आणि पुढे टाटांची घाटातल्या पाण्यावरची वीज आल्यावर त्यांच्याकडून घ्यायला लागले.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, ७ तारखेला महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली. मग नावातल्या ट्रामवेजचं ट्रान्सपोर्ट झालं, अक्षर तेच राहिलं.

आता तार. दुसरी वायर म्हणजे रूळच, तू बरोबर ओळखलंस. वरच्या तारेत साधारण ५००-६०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. ट्रामच्या टपावर स्प्रिंगची एक लांब दांडी, तिच्या टोकाला छोटं चाक, ते तारेला खालून दाबून धरलेलं असतं. करंट दांडीतून खाली, ड्रायव्हरच्या हँडलमधून मोटारीत, मोटारीतून लोखंडी चाकात, चाकातून रुळात आणि रुळावाटे परत वीजघरात. चक्र पूर्ण. आणि शॉक का नाही, तर रूळ जमिनीतच पुरलेले असतात, त्यामुळे रूळ आणि तुझ्या पायाखालची जमीन यांच्यात व्होल्टेजचा फरक जवळजवळ नसतोच. शॉक फरकाने बसतो. घरातली न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर जशी, तसाच रूळ (म्हणून घरी न्यूट्रलला हात लावून बघायचा नाही हं, आपल्याकडच्या वायरिंगचा भरवसा नसतो). आजी उड्या मारायच्या त्या अगदी सुरक्षित होत्या, धोका फक्त वरच्या तारेचा.

पण शॉक बसायचा अशी एक ट्राम खरंच होऊन गेली. १८८१ ला बर्लिनजवळ लिख्टरफेल्डमध्ये सीमेन्सने जगातली पहिली नेहमीची विजेची ट्राम सुरू केली, तिला वर तारच नव्हती. एका रुळात प्लस आणि दुसऱ्यात मायनस, १८० व्होल्ट. रस्ता ओलांडताना घोड्याचा एक नाल एका रुळावर आणि दुसरा नाल दुसऱ्यावर पडला की बिचारा उडायचा. तिथून सगळे शिकले की एक बाजू माणसाच्या हाताला लागणार नाही इतकी उंच न्यायची.

दादरची पूर्वा

काका, किती सुंदर समजावलंत! "एकाच घरातले दोन भाऊ" हे मी आज ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं. वीजबिल हातात आलं की आता ट्रामच आठवणार. म्हणजे मुंबईची ट्राम देशातली पहिली विजेची ट्राम ना?

वायरमन काका

नाही बाळा. पहिला मान मद्रासचा, १८९५. कलकत्त्याला १९०२. आपण त्यांच्यानंतर. मद्रासवाल्यांनी तर आधी तार वर न घेता रुळांच्या मध्ये जमिनीखाली नाली करून तिच्यातून करंट द्यायचा घाट घातला होता. लंडन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टनमध्ये अशा नाल्या पुष्कळ वर्षं चालल्या, कारण शहराच्या मध्यभागी डोक्यावर तारांचं जाळं नको म्हणून. पण आपल्याकडचा पाऊस आणि नालीतली वीज, कसं जमायचं? शेवटी मद्रासलाही तारा वरच आल्या.

कापडबाजार

काकांनी विजेचं सांगितलं, मी घोड्यांचं सांगतो कारण माझे पणजोबा पायधुणीला नालबंद, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारे होते आणि आमच्या घरात ट्रामच्या घोड्यांच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात.

९ मे १८७४ ला मुंबईत पहिली घोड्याची ट्राम सुटली. दोन मार्ग, एक कुलाबा ते पायधुणी क्रॉफर्ड मार्केटवरून आणि दुसरा बोरीबंदर ते पायधुणी काळबादेवीवरून. भाडं तीन आणे, आणि सुरवातीला तिकीटच नव्हतं, नुसते पैसे द्यायचे. मग भाडं दोन आण्यावर आलं आणि फुकटे वाढले म्हणून त्याच वर्षी तिकिटं छापली. फुकट्यांचा त्रास दीडशे वर्षांपूर्वीही होता हे वाचून मला फार जवळचं वाटलं.

लोक विचारतात घोड्याची गाडी तर आधीपासून होतीच मग रूळ कशाला? अहो, सगळी गंमत रुळात आहे. खडबडीत रस्त्यावर जेवढं ओझं ओढताना घोड्यांच्या तोंडाला फेस येतो त्याच्या दुप्पट-तिप्पट ओझं तीच जोडी गुळगुळीत रुळावर ओढते. म्हणून गाडीत जास्त माणसं आणि म्हणून भाडं कमी. पण घोडा हा काही मशीन नाही. चार-पाच तास ओढलं की त्याला सोडावंच लागतं, म्हणजे एक गाडी दिवसभर चालवायची तर तबेल्यात चार-पाच जोड्या बांधून ठेवायच्या. त्यांना चंदी, वैरण, पाणी, मोतद्दार, नालबंद, जनावरांचा डॉक्टर, आणि दर घोड्यामागे रोज दहा-पंधरा किलो लीद, ती काढणार कोण आणि टाकणार कुठे! गाडी उभी असली तरी घोडा खातोच. मुंबईच्या कंपनीकडे ९०० घोडे होते असं सांगतात. कलकत्त्याला तर शतक संपता संपता हजारभर घोडे होते.

पणजोबांचं एक वाक्य आमच्याकडे अजून बोललं जातं, ट्रामचा घोडा घंटेवर चालतो चाबकावर नाही. एक घंटा झाली की थांबायचं आणि दोन झाल्या की खांदा लावायचा हे त्याला सवयीने कळायचं. सगळ्यात जोर लागायचा तो थांबलेली गाडी हलवताना, तिथेच घोड्यांचे पाय जायचे. पणजोबा म्हणायचे नाल झिजलेला दिसला की समजायचं हा गर्दीच्या मार्गावरचा आहे, कारण तिथे गाडी सारखी थांबते.

आणि साथ आली की सगळंच ठप्प. १८७२ ला अमेरिकेत घोड्यांची फ्लूसारखी साथ आली तेव्हा शहरंच्या शहरं बंद पडली, ट्रामला घोडे नाहीत, माल हलवायला घोडे नाहीत, काही ठिकाणी माणसांनी गाड्या ओढल्या. त्यानंतर लोक घोड्याला पर्याय शोधायला जास्तच कळकळीने लागले असणार असं मला वाटतं.

मंदार बे एरिया

कापडबाजार भाऊ, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाचं पुढचं पान माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर आहे म्हणून लिहितोय. त्या साथीच्या पुढच्याच वर्षी म्हणजे ऑगस्ट १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अँड्र्यू हॅलिडीने क्ले स्ट्रीटच्या चढावर पहिली केबल कार चालवली. इथले रस्ते इतके उभे आहेत की घोडे ओल्या दगडावरून घसरून मागे यायचे आणि मरायचे, तसा एक अपघात बघून त्याला ही कल्पना सुचली असं इथे सगळे सांगतात.

इकडे नवीन आलेले आपले लोक फोटो काढतात आणि म्हणतात इलेक्ट्रिक ट्राममध्ये बसलो, पण त्या गाडीत मोटार नाही, इंजिन नाही, काहीच नाही! रस्त्याच्या खाली खाचेतून एक पोलादी दोर अखंड फिरत असतो ताशी १५ किलोमीटरच्या आसपास, आणि गाडीच्या मधोमध उभा असलेला ग्रिपमन एक मोठा लिव्हर ओढून रस्त्याखालचा तो दोर चिमट्यात पकडतो. पकडला की गाडी निघाली, सोडला की गाडी थांबली. विहिरीचा रहाट डोळ्यासमोर आणा, फक्त दोर कधीच थांबत नाही. आधी तो दोर वाफेच्या इंजिनाने फिरवायचे, आता मेसन स्ट्रीटच्या केबल हाऊसमध्ये विजेच्या मोटारींनी फिरवतात, तिथे आत जाऊन ती प्रचंड चाकं बघता येतात, आणि वंगणाचा वास कपड्यांना लागतो.

मला सगळ्यात आवडते ती ब्रेकची गोष्ट. चाकांना ब्रेक आहेतच पण शिवाय चाकांच्या मध्ये लाकडाचे ठोकळे असतात पाइनचे, ते थेट रुळावर दाबतात. उतारावर गाडी आली की जळक्या लाकडाचा वास येतो, अगदी सुताराच्या दुकानात करवत अडकल्यावर येतो तसा. ते ठोकळे दर तीन-चार दिवसांनी बदलतात. एकविसाव्या शतकात!

आता ही पद्धत जगभर का नाही टिकली तर सोपं आहे, गाडीत माणसं असोत नसोत तो मैलोन्‌मैल जड दोर फिरवतच राहावं लागतं, इंजिनाची बहुतेक ताकद नुसता दोर हलवण्यात जाते. आणि दोराचा एक धागा तुटून ग्रिपमध्ये अडकला की गाडी सोडताच येत नाही, पुढची सगळी लाइन थांबवावी लागते. सपाट शहरात विजेपुढे हे टिकणं शक्यच नव्हतं. इथेही १९४७ ला मेयर बंद करायला निघाले होते, फ्रीडेल क्लुसमन नावाच्या बाईने नागरिकांची मोहीम उभी केली, मतदान घडवून आणलं, म्हणून आज तीन लाइन शिल्लक आहेत. आपल्याकडे १९६४ ला ट्राम बंद झाली तेव्हा कोणी का नाही उभं राहिलं असं मला दर वेळी वाटतं.

मेलबर्नवाला

मंदार, मेलबर्नमध्येही १८८५ पासून केबल ट्राम होत्या, जगातल्या मोठ्यात मोठ्या जाळ्यांपैकी एक, शेवटची बंद झाली १९४० मध्ये. पण यांनी केबल काढली तरी ट्राम नाही काढली, विजेवर नेली आणि आज साधारण २५० किलोमीटर आहे, जगात सगळ्यात मोठी. मी रोज तिनेच कामावर जातो. स्टॉपवर घंटा ऐकली की आई पार्ल्याहून फोनवर विचारते काय रे देवळात आहेस का.

नाशिकची लेक

मुंबईबद्दल एवढं चाललंय तर आमच्या नाशिकचं कोणी नावच घेत नाही म्हणून लिहिते 🙂 नाशिकलाही ट्राम होती, १८८९ पासून, मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून ते नाशिक रोड स्टेशनपर्यंत, आठ-दहा किलोमीटर. दोन डबे आणि चार घोडे. रूळ एकदम अरुंद, अडीच फुटी. तिचे सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, तेच ज्यांनी नंतर बार्शी लाइट रेल्वे उभी केली. स्टेशन आणि गाव यांच्यामध्ये तेव्हा दाट झाडी होती, आज तिथून जाताना खरं वाटत नाही. १९३० नंतर दोन-तीन वर्षांत बंद पडली. गोदावरीवर येणाऱ्या यात्रेकरूंचा केवढा आधार असेल ती.

दादरची पूर्वा

नाशिकची ट्राम मला अजिबात माहीत नव्हती!! काका, अजून एक विचारू? घोडे नकोत, दोर नको, तर मग सरळ बॅटरी का नाही लावली त्यांनी? आणि वाफेचं इंजिन? रेल्वेला तर होतंच की.

वायरमन काका

विचार गं, त्यासाठीच तर बसलोय.

वाफेचं इंजिन करून बघितलंच. कलकत्त्याला १८८२ पासून प्रयोग झाले, पुढे त्यांच्याकडे सात इंजिनं होती. पण भर बाजारात धूर, ठिणग्या, आवाज, आणि समोरून येणारे टांग्याचे घोडे बुजायचे. फ्रान्समध्ये नांत शहरात तर दाबून भरलेल्या हवेवर ट्राम चालवली, १८७९ ते १९१७, जवळपास चाळीस वर्षं, टायरमध्ये भरतो तशी हवा पण प्रचंड दाबाने टाकीत भरायची आणि ती सोडत सोडत पिस्टन ढकलायचे. बॅटऱ्याही झाल्या ठिकठिकाणी. पण तेव्हाची बॅटरी म्हणजे शिसं आणि ॲसिड, गाडी स्वतःचंच वजन ओढत बसायची, धक्क्यांनी प्लेटी फुटायच्या, ॲसिडची वाफ डब्यात यायची. आता मात्र ती परत आली बघ, फ्रान्समध्येच नीस शहरात २००७ पासूनची ट्राम दोन जुन्या चौकांत दांडी खाली घेऊन बॅटरीवर जाते, चौकाच्या डोक्यावर तार नको म्हणून.

खरा तिढा सोडवला तो फ्रँक स्प्रेग या माणसाने, अमेरिकेत रिचमंडला, १८८८ च्या सुरवातीला. त्याच्याआधी विजेच्या ट्राम होत्या पण रोज काहीतरी मोडायचं. मोटार गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवली तर चाक वरखाली झालं की गिअरचे दात तुटायचे. स्प्रेगने मोटारीची एक बाजू थेट चाकाच्या आसावर ठेवली आणि दुसरी बाजू स्प्रिंगवर टांगली. म्हणजे चाक उडालं तर मोटारही त्याच्याबरोबर उडणार, गिअर एकमेकांना सोडणार नाहीत. इतकी साधी गोष्ट! आपल्या लोकलच्या जुन्या डीसी गाड्यांच्या मोटारीसुद्धा याच पद्धतीने टांगलेल्या असायच्या.

त्याची एक हकिगत आमच्या मास्तरांनी आम्हाला सांगितली होती ती मी विसरलो नाही. बॉस्टनच्या ट्रामचे मालक व्हिटनी बघायला आले होते, केबल घ्यायची की वीज या विचारात होते. त्यांची शंका अशी की गर्दीत वीसेक गाड्या एका जागी अडकल्या आणि सगळ्यांनी एकदम चालू केलं तर तुमची वीज पुरेल का? स्प्रेगने रात्री गाड्या बंद झाल्यावर २२ गाड्या एकामागे एक चिकटून उभ्या केल्या आणि एकेक करत सगळ्या सोडल्या. दिवे पार मंदावले, नुसते लाल निखारे दिसायला लागले, पण गाड्या हलल्या! पुढच्या गाड्या लांब गेल्या तसा उजेड परत आला. बॉस्टनने वीज घेतली आणि मग जगभर सगळ्यांनीच घेतली, आपण धरून.

ड्रायव्हरच्या हातातलं ते पितळी हँडल आठवतं का आजीला विचार. त्याला खाचा असायच्या. पहिल्या खाचेवर दोन्ही मोटारी एकामागे एक जोडलेल्या, म्हणजे प्रत्येकीला अर्धंच व्होल्टेज, गाडी सावकाश निघते. पुढच्या खाचांवर त्या शेजारी शेजारी जोडल्या जातात, प्रत्येकीला पूर्ण व्होल्टेज, गाडी पळते. मधल्या खाचा घाईत ओलांडल्या की धक्का बसून माणसं पडायची. चांगला ड्रायव्हर हातावरून ओळखू यायचा.

आणि एक, ज्याच्यावर कोणी बोलत नाही. रुळावाटे परत जाणारा सगळा करंट रुळातूनच जायचा असं नाही, थोडा जमिनीत झिरपायचा आणि वाटेत पाण्याचा लोखंडी पाइप मिळाला की त्यात शिरायचा. जिथे तो पाइपातून बाहेर पडतो तिथे लोखंड खाल्लं जातं. म्हणून रुळाचा प्रत्येक सांधा तांब्याच्या जाड तारेने जोडायला लागायचा. रस्ता खणून ते सांधे तपासणारी गँग वेगळी. ट्राम दिसते सगळ्यांना, ही माणसं कोणाला दिसली नाहीत, मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

कापडबाजार

मंदार, तुमच्या प्रश्नावर, १९६४ ला कोणी उभं राहिलं नाही हे खरं पण माणसं रडली हेही खरं. बस १९२६ पासून होती, ती ट्रामला वळसा घालून जाऊ शकते, ट्राम रुळावरच अडकते, मोटारी वाढल्यावर ट्रामच वाटेत येते असं सगळ्यांना वाटायला लागलं. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची गाडी बोरीबंदरहून दादरला निघाली, आत पाय ठेवायला जागा नव्हती. माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे, भायखळ्याला रस्त्याच्या कडेला उभे होते. ते म्हणतात त्या रात्री घंटा नेहमीपेक्षा जास्त वाजत होती.

दादरची पूर्वा

आत्ताच आजीला सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला, दीड तास लागला कारण ती मध्ये मध्ये थांबवत होती. काका, हँडल पितळीच होतं म्हणाली आणि ड्रायव्हर पायाने घंटा वाजवायचा म्हणाली. दांडी तारेवरून निसटली की अंधार व्हायचा, मग कंडक्टर मागे जाऊन दोरीने ती परत तारेवर बसवायचा, पहिल्यांदा नाही बसायची, ठिणग्या उडायच्या आणि आम्ही मुली मुद्दाम त्या बाजूला बसायचो असं सांगत होती. आता तिला रूळ बघायचेत. कुठे शिल्लक आहेत का?

कापडबाजार

फ्लोरा फाउंटनची दुरुस्ती चालली होती तेव्हा खणताना जुने रूळ सापडले होते, तिथे चक्कर मारा. आणि आणिक डेपोत बेस्टचं म्युझियम आहे, ट्रामची मॉडेल्स, जुनी तिकिटं वगैरे. जायच्या आधी चालू आहे का विचारून घ्या, आणि आजींना जिने चढायला जमतात का तेही बघा.